फळमाशीचा सापळा : तीन पावसाळ्यांच्या वापरानंतर

काटोल तालुक्यातील आमच्या वावरात दोन एकर पेरू आणि चार एकर संत्रा आहे. पेरूला इकडे जांब म्हणतात, परंतु कृषी केंद्राच्या बिलावर पेरूच लिहिलेले असते, म्हणून मीही येथे तोच शब्द वापरतो. या पेरूत मी २०२३ च्या पावसाळ्यापासून फळमाशीचे गंधसापळे लावत आहे. तीन हंगामांत तीन प्रकारचे डबे आणि दोन कंपन्यांचे ल्यूर, म्हणजे माशीला ओढणाऱ्या गंधाचे ठोकळे, वापरून झाले. गावातले लोक भेटले की "घ्यावे की नाही" एवढेच विचारतात, आणि प्रत्येकाला उभ्या-उभ्या निराळे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढलेले बरे असे मला वाटले. घाई असेल त्यांच्यासाठी उत्तर असे की सापळे जरूर घ्यावेत. मात्र दुकानदार ज्या कामासाठी ते विकतो त्यातले निम्मेच काम सापळा करतो, आणि उरलेले निम्मे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

सापळे घेण्याची वेळ का आली ते आधी सांगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या तोंडावर, चाळीस क्रेट पेरू घेऊन आम्ही नागपूरला गेलो होतो. माल दिसायला उत्तम होता, रंग चढलेला होता, आकारही एकसारखा होता. अडत्याने वरच्या थरातला एक पेरू उचलून अंगठ्याने दाबला, तर सुईच्या टोकाएवढ्या एका डागाभोवतीची साल आत बसली, आणि फोडल्यावर आतल्या गरात पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. त्याने आणखी तीन पेरू फोडले आणि काही न बोलता निम्मा भाव सांगितला. त्याला दोष देता येत नाही. याच माशीच्या गोतावळ्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतातल्या हापूस आंब्याची आयात थांबवली होती आणि ती पुढच्या वर्षी उठवली. हापूसला जिथे माफी नाही तिथे आमच्या पेरूला कोण देणार?

या किडीची अडचण अशी की नुकसान दिसते तेव्हा उपायाची वेळ निघून गेलेली असते. मादी रंगावर येऊ लागलेल्या फळाच्या सालीत पोटाच्या टोकाशी असलेली टोकदार नळी खुपसून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात आणि आठवडा-दीड आठवडा गर खात राहतात. तोवर फळ सडून गळते, अळ्या बाहेर पडून मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत कोषात जातात आणि पुन्हा साधारण तेवढ्याच दिवसांनी नवीन माशी होऊन बाहेर येतात. अंडी आणि अळी फळाच्या आत, कोष मातीत, त्यामुळे पानांवर मारलेले औषध या तिघांपैकी कोणापर्यंतही पोचत नाही. बाहेर उडणारी माशी तेवढी हाती लागू शकते, आणि सापळ्याचा सगळा धंदा त्या माशीवर चालतो.

जुलै २०२३ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या एका कृषी केंद्रातून मी सोळा सापळे घेतले. पाकिटावर एकरी आठ असे छापलेले होते आणि ल्यूरसह एका नगाला पंचाण्णव रुपये पडले. ज्याला आपण ल्यूर म्हणतो तो पेटीच्या काडीपेक्षा थोडा लांब आणि बोटाएवढा जाड असा प्लायवुडचा ठोकळा असतो; तो गंधाच्या द्रावणात भिजवलेला असतो आणि डब्याच्या झाकणाला आतून तारेने टांगलेला असतो. मी आणि आमच्या सालदाराने एका सकाळी सोळाही सापळे माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, फांदीच्या सावलीच्या बाजूला बांधले आणि दुसऱ्या दिवशीपासून पाहायला सुरुवात केली.

दहा दिवस डबे कोरडेच होते. एखाद्या डब्यात एखादा डास, एखाद्यात कोळी. फक्त पूर्वेच्या धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, दोन सापळ्यांत आठ-दहा माश्या मेलेल्या सापडल्या, आणि त्यामुळेच चूक माझ्या लक्षात आली, कारण त्या धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा दोडक्याचा मांडव आहे. घरी येऊन चष्मा लावून पाकीट वाचले, तर त्यावर बारीक अक्षरांत "क्यू ल्यूर" असे होते. हा गंध काकडी, दोडकी, कारली, भोपळा या वेलवर्गाच्या फळमाशीसाठी असतो. पेरू, आंबा, चिकू आणि संत्रा यांच्यावर येणाऱ्या माश्या निराळ्या. त्यांच्यासाठी मिथाइल युजेनॉल हा गंध लागतो, आणि क्यू ल्यूरकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. दुकानात जाऊन विचारले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकाजी, फळमाशीचाच तर हाये तो. फळमाशी म्हंजे फळमाशी." मालकाने मात्र वाद न घालता सोळाही ल्यूर बदलून दिले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. तरीही ऐन बहारातले दोन आठवडे गेले ते गेले. दोन्ही पाकिटांचा रंग, आकार आणि वरचे माशीचे चित्र जवळपास सारखे असते, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी "मिथाइल युजेनॉल" हे दोन शब्द पाकिटावर स्वतः वाचावेत. दोन्ही पिके असतील तर दोन्ही ल्यूर घ्यावेत, पण ते एकाच डब्यात कोंबू नयेत.

बदललेला ल्यूर लावला त्या दिवशीचा अनुभव मात्र खरोखर पाहण्यासारखा होता. पहिल्या झाडावर डबा बांधून आम्ही दुसऱ्या झाडाकडे वळलो नाही तोच पहिल्या डब्याभोवती पाच-सहा माश्या घिरट्या घालू लागल्या. घरमाशीपेक्षा किंचित बारीक अंगाच्या, तांबूस-तपकिरी रंगाच्या, पारदर्शक पंखांच्या या माश्या त्याआधी आम्ही वर्षानुवर्षे "गांधीलमाशीचं पिल्लू" समजून दुर्लक्षित केल्या होत्या. चौथ्या दिवशी प्रत्येक डब्याच्या तळाशी बोटभर थर होता.

या गंधाची ओढ बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या हाऊलेट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी नोंदवली आहे. त्याने १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे नर फळमाश्या धावतात असे लिहिले आणि १९१५ मध्ये त्यामागचे द्रव्य मिथाइल युजेनॉल असल्याचे दाखवले. हेच द्रव्य आपल्या तुळशीतही असते. ते वाचल्यावर मी अंगणातल्या तुळशीची मूठभर पाने खलबत्त्यात कुटून रस कापसावर घेतला आणि तो एका बाटलीत टांगून पाहिला. माश्या आल्या, परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वास उडाला होता आणि बाटली ओस पडली होती. ज्यांना रोज ताजी तुळस कुटण्याची सवड आहे आणि देवाची भीती नाही त्यांनी तो प्रयोग करावा. मी ठोकळ्याचे पैसे देणे पसंत करतो.

आता डब्याविषयी. पहिला डबा पारदर्शक बरणीचा आणि पिवळ्या झाकणाचा असून त्याला बाजूने तीन भोके आहेत व प्रत्येक भोकातून एक आखूड नळी आत जाते. दुसरा, २०२४ मध्ये घेतलेला, घुमटाच्या आकाराचा आहे; त्यात माशी खालून शिरते आणि तळाच्या खोलगट भागात साबणाचे पाणी ठेवावे लागते. तिसरा म्हणजे पाण्याच्या लिटरच्या बाटलीला खिळा तापवून भोके पाडून घरी केलेला. दिसायला घुमटाचा सर्वांत देखणा आहे, आणि कामाला तोच सर्वांत त्रासाचा निघाला, कारण उघाड पडली की त्यातले पाणी दोन-तीन दिवसांत आटते आणि जोराचा पाऊस आला की ते वाहून जाते. सोळा डब्यांत दर तिसऱ्या दिवशी पाणी घालत फिरण्याइतके मनुष्यबळ ज्याच्याकडे असेल त्याने तो घ्यावा. बरणीचा डबा साधा आहे, परंतु त्याच्या नळ्या महत्त्वाच्या आहेत, आणि त्या का महत्त्वाच्या आहेत ते मला बाटलीच्या प्रयोगातून कळले.

घरच्या बाटलीत मी ल्यूर कंपनीचाच वापरला होता, मात्र तो कीटकनाशक नसलेला होता. काही ल्यूरमध्ये ते मिसळलेले असते आणि काहींत नसते, हेही पाकिटावर पाहावे लागते. बाटलीची भोके रुंद होती. माश्या येत, ठोकळ्यावर बसून चाटत आणि आरामात बाहेर पडत. हे नुसते वाया जाणारे काम असते तर मी हसून सोडून दिले असते, पण प्रकार त्याहून वाईट आहे. नर माशी मिथाइल युजेनॉल खाते तेव्हा तिच्या शरीरात त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो, आणि असा पोट भरलेला नर उपाशी नरापेक्षा मादीला अधिक आवडतो. अर्थात, ज्या सापळ्यातून माशी सुटून जाते तो सापळा नरांना लग्नाचा अत्तरफाया देऊन वरातीला पाठवतो. त्याच कारणासाठी ल्यूर हाताळल्यावर ओले हात झाडाच्या पानांना पुसू नयेत आणि द्रावण सांडू देऊ नये. घरगुती सापळ्याची जुनी पत्रके काढून त्यात सांगितल्याप्रमाणे डायक्लोरव्हॉसचे थेंब टाकणारेही भेटतात. त्या कीटकनाशकावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे आणि कुणाच्या कोठ्यात जुनी बाटली शिल्लक असली तरी ती उघडण्याचे काही कारण नाही. घरीच करायचे असेल तर भोके माशीला जेमतेम शिरता येईल एवढीच ठेवून त्यांना पेनाच्या नळीचे तुकडे बसवावेत; मी पुढे तसे केले आणि त्या बाटल्या विकतच्या डब्यांच्या बरोबरीने चालल्या.

टिकाऊपणाचे म्हणाल तर विकतच्या बरणीचे झाकण आमच्या मे महिन्यात तडकते. पहिल्या वर्षी सापळे झाडावरच राहू दिले होते आणि पुढच्या जूनपर्यंत सोळापैकी पाच झाकणांचे हातात तुकडे आले. हंगाम संपल्यावर डबे काढून, धुऊन कोठ्यात ठेवले तर तीन वर्षे जातात. मुंग्यांचा एक उपद्रव आहे, ज्याविषयी पाकिटावर एक अक्षर नाही: त्या तारेवरून उतरून मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि आपण समजतो की सापळ्यात काही पडतच नाही. तारेला बोटभर ग्रीस लावले की हा प्रश्न मिटतो.

ल्यूर किती दिवस चालतो, याबद्दल पाकिटावर साठ दिवस लिहिलेले आहे. मी जुन्या ल्यूरशेजारच्या झाडावर नवा ल्यूर टांगून दोन्ही डबे मोजत गेलो. पावसाळ्यात दीड महिन्यापर्यंत दोघांत फारसा फरक नव्हता, त्यानंतर जुन्याचा आकडा झपाट्याने घसरला. मेअखेरीस लावलेला ल्यूर मात्र महिन्याभरातच थकला. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गंध भराभर उडून जाणारच. म्हणून बदलाची तारीख मी आता खडूने डब्यावर लिहितो आणि पाकिटाच्या भरवशावर राहत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहायला बसलो त्याकडे येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमचे डबे भरून वाहत होते. लोक पाहायला येत, फोटो काढत. सालदार दर रविवारी मेलेल्या माश्या जुन्या वर्तमानपत्रावर ओतून अभिमानाने दाखवी. मी मात्र आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला मनुष्य असल्यामुळे भिंग घेऊन त्या ढिगाजवळ बसलो, आणि अर्धा तास चाळूनही टोकदार पोटाची एकही माशी मला सापडली नाही. सगळे नर होते. मिथाइल युजेनॉलकडे नरच येतात. फळाला डंख मारणारी मादी सापळ्याच्या शेजारून निघून जाते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि एकदा संग झालेली मादी पुढे नर उरला की नाही याची वाट न पाहता अंडी घालत राहते. तेव्हा झाडाखालचा माश्यांचा ढीग कितीही मोठा असला तरी फळ वाचले की नाही हे त्यावरून ठरत नाही.

फळ वाचले की नाही हे फळ फोडूनच कळते. त्या दिवसापासून मी दर रविवारी बागेच्या निरनिराळ्या भागांतून पन्नास पेरू तोडून फोडू लागलो आणि अळी निघालेल्यांचा आकडा वहीत मांडू लागलो. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस, डबे भरलेले असताना, पन्नासांत सतरा पेरूंत अळी होती. सापळे लावायच्या आधी मी मोजत नव्हतो, म्हणून तुलना करता येत नाही. परंतु अडत्यासमोर उभे राहायला हा आकडा पुरेसा लाजिरवाणा होता.

पुढच्या वर्षी सापळे तेच ठेवले आणि तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे वेळ. आमच्या वावराच्या वर गावरान आंब्याची जुनी झाडे आहेत. तिथे जूनमध्ये आंबे गळून कुजतात आणि वर्षातली पहिली मोठी पिढी तिथून निघते. आंबा संपला की ती पेरूवर उतरते, पेरू संपत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या, संत्र्याकडे वळते. जुलैत सापळा लावणे म्हणजे लग्न लागल्यावर आंतरपाट धरणे होय. आता आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिले सापळे त्या आंब्यांखाली बांधतो आणि पेरूचे फळ लिंबाएवढे होते तेव्हा बागेत.

दुसरी गोष्ट म्हणजे गळलेले फळ. आम्ही इतकी वर्षे खाली पडलेले पेरू टोपलीत वेचून विहिरीजवळच्या उकिरड्यावर टाकत होतो आणि बाग स्वच्छ ठेवल्याचे समाधान मानत होतो; वस्तुतः तो उकिरडा माश्यांचे पाळणाघर होता. आता धुऱ्यालगत दोन फूट खोल खड्डा केला आहे, एक दिवसाआड वेचणी होते आणि प्रत्येक वेचणीवर माती पडते. जिथे खड्डा करता येत नाही तिथे जाड काळ्या प्लॅस्टिकच्या थैलीत फळे भरून, तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवली तरी आतली अळी मरते. झाडांखालची माती वखराने वरचेवर हलवली की कोष उघडे पडतात आणि कोंबड्या ते वेचून खातात. सालदाराला हे काम पटायला वेळ लागला, कारण डबा भरलेला दिसतो आणि खड्ड्यात पुरलेली अळी दिसत नाही.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. पूर्वेकडच्या शेजाऱ्याची समजूत अशी झाली होती की माझ्या सापळ्यांच्या वासाने गावभरच्या माश्या आमच्या दोघांच्या धुऱ्यावर गोळा होतात. दुसऱ्या एकाची तक्रार नेमकी उलट होती, की मी माझ्या माश्या त्याच्याकडे पिटाळतो. येणारे नर आहेत, ते डंख मारत नाहीत, हे त्यांना भिंगातून दाखवावे लागले. माशीला सात-बारा वाचता येत नाही, म्हणून एकट्याच्या दोन एकरांतल्या सापळ्यांना मर्यादा आहे. पॅसिफिक महासागरातल्या रोटा या बेटावरून १९६०च्या दशकात हीच माशी याच गंधाने समूळ नाहीशी केली गेली, परंतु ते चहूबाजूंनी समुद्र असलेले बेट होते आणि साऱ्या बेटावर एकाच वेळी काम झाले. आमच्याकडे २०२४ मध्ये तिघे आणि २०२५ मध्ये सहा जण तयार झाले, आणि ल्यूर आम्ही एकत्र मागवले, त्यामुळे भावही थोडा उतरला. वहीतले ऑगस्टअखेरचे आकडे असे आहेत: २०२४ मध्ये पन्नासांत नऊ, २०२५ मध्ये पन्नासांत चार. पाऊस तिन्ही वर्षी सारखा नव्हता, त्यामुळे हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष नाही. तरीही डबे तेच, ल्यूर तेच आणि उतरलेला आकडा माझ्या डोळ्यांसमोरचा आहे.

कृषी केंद्रातल्या एका फलकावर सापळ्याच्या चित्राखाली "संत्र्याची फळगळ थांबवा" असे लिहिलेले असते, त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आंबिया बहाराचा संत्रा गळतो त्याला अनेक कारणे असतात: बुरशीमुळे देठाकडून होणारी सड, पाणी साचून होणारी मुळकूज, अन्नद्रव्यांची ओढाताण, रात्री येणारे रसशोषक पतंग, आणि या सगळ्यांत एक फळमाशी. पतंगाचा आणि माशीचा फरक ओळखणे अवघड नाही. पतंगाने टोचलेल्या संत्र्याला बारीक गोल छिद्र असते, दाबल्यावर त्यातून रस येतो, आत अळी नसते. माशीच्या फळात अळी असते. हा पतंग मिथाइल युजेनॉलला येत नाही. त्याच्या अळ्या तर फळावर वाढतही नाहीत. त्या धुऱ्यावरच्या गुळवेल आणि वासनवेल यांच्यावर वाढतात, म्हणून बागेच्या कडेच्या त्या वेली काढणे हाच त्याचा पहिला उपाय आहे. गुळवेल औषधी आहे म्हणून ती जपणारे आमच्या घरीच होते, तेव्हा ती अंगणात लावून दिली आणि धुऱ्यावरची उपटली. माझ्या चार एकर संत्र्यात मी एकरी दोनच सापळे ठेवतो, तेही माशी कधी वाढते हे कळावे म्हणून. फळगळ थांबेल या आशेने कोणी संत्र्यात एकरी दहा सापळे लावणार असेल तर त्याने आधी गळलेली वीस फळे फोडून पाहावीत. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे आणि अकोल्याला कृषी विद्यापीठ, तिथे फळे नेऊन दाखवली तर नेमके कारण कळते.

सापळ्याऐवजी काय, असेही विचारले जाते. पिवळे चिकट पत्रे मी एक हंगाम लावले. त्यांना फळमाश्या थोड्या आणि मधमाश्या, मित्रकीटक व धूळ जास्त चिकटली, म्हणून पुन्हा घेतले नाहीत. फळाला जाळी आणि वरून पिशवी घालणे हा मात्र खात्रीचा उपाय आहे, कारण त्यात मादीचा आणि सालीचा संबंधच येत नाही. मोठ्या आकाराच्या नवीन जातींना, जिथे एकेक फळ पावशेराच्या पुढे जाते, तो खर्च परवडतो. आमच्या जुन्या सरदार पेरूला, एका झाडावरच्या शेकडो फळांना पिशव्या घालायला मजूर आणायचे कोठून? गूळ घालून केलेल्या विषारी आमिषाची फवारणी नर-मादी दोघांनाही लागू पडते, कारण अंडी घालण्याआधी मादीला अन्न लागते. ती खोडावर आणि खालच्या पानांवर थोडीच करायची असते. पण काढणी सुरू असलेल्या बागेत मी औषध टाळतो आणि कोणते, किती हे कृषी सहायकाला विचारल्याशिवाय वापरत नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पावसाळी पेरू न घेणे. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरला की फळ थंडीत येते, तेव्हा माशी कमी असते आणि फळाला गोडीही अधिक असते. आम्ही आता दोनपैकी एक एकर मृगावर नेला आहे. दुसरा पावसाळ्यावर ठेवला, कारण पोळा आणि गणपती यांच्या दरम्यान घरात रोख पैसा लागतो, आणि हे कारण कोणत्याही कीटकशास्त्रात बसत नसले तरी खरे आहे.

खर्चाचा हिशेब असा पडला. पहिल्या वर्षी सोळा सापळ्यांचे १,५२० रुपये. त्यानंतर डबे तेच, त्यामुळे फक्त ल्यूर. एका हंगामात दोनदा बदल धरून बत्तीस ल्यूर, एकाला चाळीस रुपये, म्हणजे १,२८० रुपये. गळ वेचण्याच्या मजुरीवर मात्र याच्या दुपटीहून अधिक खर्च होतो. बिल फाडताना दुकानदार ही दुसरी रक्कम सांगत नाही, आणि त्याने सांगावी अशी अपेक्षाही नाही. डब्याला मी पाचपैकी तीन गुण देईन, ल्यूरला साडेचार, आणि पाकिटावरच्या मजकुराला एक.

यंदा नवीन डबा एकही घेतलेला नाही. जुन्या अकरा बरण्या आणि पाच बाटल्या धुऊन कोठ्यातल्या खुंटीला टांगल्या आहेत, ल्यूरची मागणी सहा जणांच्या नावाने एकत्र नोंदवली आहे, आणि त्या कृषी केंद्रातल्या मुलाने क्यू ल्यूरची पाकिटे आता वेगळ्या खोक्यात ठेवली असून त्यावर मार्करने "दोडके-काकडी" असे लिहिले आहे.